काड-मातीची भिंत: घर बांधायच्या आधी एवढं वाचून घ्या

मे महिन्यात सोलापुरात पारा 42-43 ला जातो आणि पश्चिमेकडच्या बेडरूमची भिंत रात्री अकराला हात लावला तरी चटका देते, हे तुम्हाला काय सांगायचं. विटेची भिंत दिवसभर तापते आणि नेमकी झोपायच्या वेळी गरमी आत सोडते, मग एसी लावा आणि बिल भरा. आजोबांच्या माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरात पांढऱ्या मातीची दोन-अडीच फुटी भिंत असायची, ऊन आत पोचेपर्यंत दिवस मावळायचा, पण आता जुळे सोलापुरातल्या प्लॉटवर तेवढी जागा कोण घालवणार?

म्हणून आम्ही काड-माती भरतो. माती पाण्यात कालवून बासुंदीएवढी दाट करायची, बोट बुडवून काढलं की बोटावरच्या रेषा दिसायला नकोत, मग त्यात गव्हाचं काड घोळवायचं आणि दोन फळ्यांच्या मधे हलक्या हातानं दाबून भरायचं. गरमी माती अडवत नाही बरं का, काडात अडकलेली हवा अडवते, माती फक्त काड धरून ठेवते. भरीव मातीची भिंत घनमीटरला 1700-1800 किलो भरते, ही 600 च्या आसपास, आणि गरमी तीन-चार पट कमी आत येते. इंग्लंडात प्लिमथ विद्यापीठानं फ्रान्सच्या लोकांबरोबर जड मातीचा एक थर आणि अशा हलक्या मातीचा दुसरा थर जोडून भिंती बनवल्यात. तिकडे थंडी अडवायची असते, आपल्याकडे ऊन, एवढाच काय तो फरक.

काळी माती चालेल का, हे सगळेच विचारतात. नुसती घातली तर तडकणार, गिलाव्याला तर नकोच, पण काड भरपूर असलं की तिचा चिकटपणाच कामाला येतो. कडबा आम्ही घेत नाही, जनावराच्या तोंडचा घास भिंतीत कशाला घालायचा. उसाचं पाचट बारीक करून चालतं, बगॅस (रस काढल्यावरचा चोथा) नको, त्यात साखर राहते आणि ओलेपणी ते आंबतं.

दुसरा प्रश्न किल्लारीचा, आणि तो विचारलाच पाहिजे. 1993 च्या भूकंपात तिथं जाड दगड-मातीच्या भिंती आणि वरचं जड माळवद माणसांच्या अंगावर पडलं. आमची भिंत छताचं वजन घेतच नाही, ते खांब आणि तुळया घेतात, भिंत नुसती मधे भरलेली. छत पण हलकंच ठेवा, इंजिनिअरची सही असल्याशिवाय आम्ही काम सुरू करत नाही.

काम दिवाळीनंतरच. एक फुटी भिंत वाळायला दोन-तीन महिने लागतात, म्हणजे जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा होऊन जाईपर्यंत गिलाव्याचं नाव काढू नका. एकदा गिऱ्हाईकाच्या घाईपायी आम्हीच श्रावणात भिंत भरली, आठ दिवसांत तिच्यातून गव्हाचे हिरवे कोंब बाहेर आले आणि मागोमाग बुरशी, सगळी उतरवून आमच्या खर्चानं परत भरली.

दगडी जोतं दोन फूट, वाळवीचं औषध पायातच, छज्जा दोन फूट बाहेर. गिलावा चुन्याचा किंवा मातीचा, सिमेंटचा अजिबात नाही, ओल आत कोंडली की काड कुजतं. वायरिंगचे पाइप भराईच्या आधी टाकायचे. टीव्ही, कपाट कुठं टांगणार तेही आधीच सांगा, तिथं लाकडी पट्टी ठेवावी लागते, नंतर नुसता खिळा धरत नाही.

सगळं घर नको असेल तर फक्त पश्चिमेची भिंत करून बघा. येताना प्लॉटवरची बादलीभर माती घेऊन या, वरची नको, हातभर खालची.