खर्चास मान्यता आणि निधीचे वितरण: अंगणवाडीच्या शासन निर्णयांतला घोळ

महिला व बालविकास विभागाचा एखादा शासन निर्णय निघाला, की त्याच्या पहिल्या पानाचा फोटो तासाभरात अंगणवाडी सेविकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरू लागतो आणि त्याखाली ‘मंजूर झाले’ एवढेच लिहिलेले असते. नेमके काय मंजूर झाले, हे सांगण्याची तसदी कोणी घेत नाही. मग आठवडाभर बँकेत चकरा होतात, पर्यवेक्षिकेला फोन जातात, आणि पैसे न दिसल्यामुळे प्रकल्प कार्यालयाने ते अडवून ठेवल्याचा संशय पक्का होतो. प्रत्यक्षात तो कागद बहुतेक वेळा पैसे देणारा नसतोच. तो खर्च करण्याची परवानगी देणारा असतो.

निधीचे वितरण सर्वांच्या ओळखीचे आहे, त्यामुळे त्यावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. अर्थसंकल्पातील तरतुदीपैकी ठरावीक रक्कम विभाग अंगणवाड्या चालवणाऱ्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या आयुक्तालयाकडे सोपवतो आणि पुढे ती देयकांच्या वाटेने खर्ची पडते. (शासन निर्णयांत हा शब्द सर्रास ‘वितरीत’ असा छापला जातो. तो ‘वितरित’ असा लिहावा, पण तो लढा मी हरलो आहे.)

प्रशासकीय मान्यता ही मात्र वेगळ्या प्रश्नाचे उत्तर असते. हे काम करायचे का आणि त्यावर जास्तीत जास्त किती खर्च होऊ द्यायचा, एवढेच ती ठरवते. अंगणवाडीच्या इमारतीला प्रशासकीय मान्यता मिळाली, म्हणजे ती बांधण्याचा निर्णय आणि खर्चाची मर्यादा ठरली. त्यानंतर अंदाजपत्रकाची तांत्रिक मान्यता आणि निविदा हे टप्पे येतात. मान्यतेच्या दिवशी एक रुपयाही हललेला नसतो, आणि तसे घडण्यात कोणाची लबाडी नसते.

इथवर बहुतेकांना समजते. खरा पाय घसरतो तो ‘मान्यता’ या शब्दावर, कारण तो दोन्ही प्रकारच्या शासन निर्णयांत येतो. पहिल्यात ‘इतक्या रकमेच्या खर्चास प्रशासकीय मान्यता देण्यात येत आहे’ असे वाक्य असते, तर दुसऱ्यात ‘इतका निधी वितरित करण्यास मान्यता देण्यात येत आहे’ असे असते. दोन्ही वाक्यांचा शेवट सारखाच असल्याने घाईने वाचणाऱ्याला दोन्ही कागद सारखेच वाटतात, आणि म्हणूनच एकदा पैसे देणाऱ्या कागदाला ‘नुसती मान्यता’ म्हणून हिणवले जाते, तर एकदा नुसत्या मान्यतेवर पेढे वाटले जातात. वाचताना क्रियापदाकडे न पाहता मान्यता कशास दिली आहे तो शब्द पाहावा: ‘खर्चास’ की ‘वितरित करण्यास’. माझ्या मते हा एक शब्द तपासल्याशिवाय कोणताही शासन निर्णय पुढे पाठवूच नये.

लेखाशीर्ष, म्हणजे खर्च ज्या सदराखाली नोंदवायचा त्याचा क्रमांक, दिसले की निधी आला, हा समजही तितकाच फसवा आहे. सामाजिक सुरक्षा व कल्याणाचे २२३५ किंवा पोषणाचे २२३६ हे मुख्य शीर्ष मान्यतेच्या कागदावरही असू शकते, कारण खर्च कोणत्या शीर्षाखाली भागवायचा हे तिथेही सांगावे लागते. त्यापेक्षा भरवशाची खूण म्हणजे वितरणाच्या शासन निर्णयातला तक्ता: मूळ तरतूद किती, यापूर्वी किती वितरित झाले आणि आता किती होत आहे. त्याच्या जोडीला आहरण व संवितरण अधिकारी (कोषागारातून पैसे काढून ते देणारा अधिकारी) कोण, हेही बहुधा दिलेले असते. हे सारे पहिल्या पानावर नसते, आणि लोक फोटो पहिल्या पानाचाच काढतात. शासन निर्णयाचा अठरा अंकी संकेतांक तरी सोबत द्यावा. त्याचे पहिले आठ अंक वर्ष, महिना आणि दिवस सांगतात, त्यामुळे गेल्या वर्षीचा कागद ‘आत्ताच आलेला’ म्हणून फिरवणे अवघड होते.

मानधनाच्या बाबतीत या घोळात आणखी एक पदर मिसळतो. मार्च २०२३ मधील राज्याच्या अर्थसंकल्पात सेविकांचे मानधन ८,३२५ रुपयांवरून १०,००० रुपये करण्याची घोषणा झाली. त्या दहा हजारांत केंद्राच्या ऑक्टोबर २०१८ पासूनच्या दराचे ४,५०० रुपये धरलेले होते, आणि ते केंद्र व राज्य यांनी ६०:४० या प्रमाणात उचलायचे असल्याने २,७०० रुपये केंद्राचे आणि १,८०० रुपये राज्याचे होतात. उरलेले ५,५०० रुपये पूर्णपणे राज्याच्या तिजोरीतले होते. एकाच महिन्याच्या मानधनासाठी अशा दोन थैल्या असतात आणि त्या एकाच शासन निर्णयाने, एकाच दिवशी उघडतील याची खात्री नसते. ‘केंद्र हिस्सा व समरूप राज्य हिस्सा’ (म्हणजे केंद्राच्या वाट्यासोबत राज्याने भरायचा वाटा) वितरित झाल्याचा कागद खराच असतो. त्यावरून पूर्ण मानधन आले असे समजणे चुकीचे असते. केंद्राचा दरमहा ५०० रुपयांचा प्रोत्साहनपर भत्ता कामगिरीशी बांधलेला असल्याने तो मानधनाच्या बेरजेत धरूच नये.

वितरणाचा शासन निर्णय निघाल्यावरही रक्कम त्याच संध्याकाळी खात्यात पडत नाही. केंद्र पुरस्कृत योजनांसाठी जुलै २०२१ पासून एकल नोडल खात्याची, म्हणजे योजनेचा सगळा निधी एकाच बँक खात्यातून खर्च करण्याची, पद्धत लागू झाली; त्या पद्धतीत आधी त्या खात्यात केंद्राचा आणि राज्याचा हिस्सा पोहोचावा लागे. शिवाय देयके तयार व्हावी लागतात. उशीर कुठे झाला हे विचारायचे असेल, तर हाच टप्पा नेमकेपणाने विचारावा. ‘मंजूर पैसे कुठे गेले’ या प्रश्नाला कोणताही लिपिक गोल उत्तर देऊ शकतो. ‘वितरणाचा शासन निर्णय अमुक तारखेचा आहे, देयक कोषागारात सादर झाले का’ या प्रश्नाला मात्र हो किंवा नाही म्हणावे लागते.

तरतूद आणि कार्योत्तर मान्यता या दोन शब्दांचा घोळ किरकोळ आहे. तरतूद म्हणजे अर्थसंकल्पात राखलेली रक्कम, आणि कार्योत्तर मान्यता म्हणजे आधी झालेल्या खर्चावर मागाहून उमटवलेली मोहोर.

मार्चअखेरीस मात्र मान्यता आणि वितरण यांतला फरक कोणापासून लपत नाही. खर्च न झालेला निधी ३१ मार्चपूर्वी शासनाला समर्पित (परत) करावा लागतो किंवा तो व्यपगत होतो, म्हणजे पुढे वापरता येत नाही. इमारतीची प्रशासकीय मान्यता मात्र १ एप्रिललाही फाइलीत तशीच असते, आणि तिच्यासाठी नव्या वर्षाच्या तरतुदीतून नव्याने निधी मागावा लागतो.