तलावाचं पाणी तपासायचं तर पहाटे

शाळेचा तलाव-प्रकल्प बहुधा असा उरकतो. दुसरा तास संपला की नववीची पोरं रांगेने ठाण्यातल्या मासुंदा किंवा कचराळी तलावावर जातात, काठावरून बाटली भरून आणतात आणि प्रयोगशाळेत तपासतात. विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे ९ मिलिग्रॅम येतो. मासे जगायला ४ पुरतो, आंघोळीच्या पाण्यासाठी किमान ५ लागतो. मग अहवालात ‘तलावाचे पाणी उत्तम’ असं लिहून सगळे मोकळे होतात. आकडा बरोबर असतो, निष्कर्ष मात्र फसलेला.

कारण ३० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात हवेतून विरघळून जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच ऑक्सिजन मावतो. त्याच्या वरचा ऑक्सिजन हवेतून आलेला नसतो, तो उन्हात काम करणाऱ्या शेवाळाने पाण्यात ओतलेला असतो. इतकं शेवाळ आहे याचाच अर्थ सांडपाणी, निर्माल्य, पाव-कुरमुरे यांतून तलावाला नायट्रोजन-फॉस्फरसचा भरपूर खुराक मिळतोय. सूर्य मावळला की हेच शेवाळ ऑक्सिजन बनवायचं थांबवतं, पण श्वास घेत राहतं. तळच्या गाळातले जिवाणूही रात्रभर खातच असतात. पातळी सर्वांत खाली जाते ती उजाडण्याच्या आधी. म्हणून मोजणी पहाटे सहाला, सकाळी नऊला, दुपारी तीनला आणि सूर्यास्ताला अशी चारदा करा. एकदाच जमणार असेल तर पहाटेची घ्या. पहाट आणि दुपार यांतला फरक जितका मोठा, तितका तलाव जास्त पोसलेला.

नमुना घेताना पहिली चूक होते ती बादलीची. बादलीत पाणी खळखळलं की हवा मिसळते आणि खरा आकडा तिथेच हरवतो. त्यावर उपाय घरगुती आहे. दोन लिटरची रुंद तोंडाची बरणी घ्या, तिच्या बुचाला दोन भोकं पाडून दोन नळ्या बसवा. आत ३०० मिलिलिटरची, काचेच्या बुचाची बाटली उघडी ठेवा. एक नळी या बाटलीच्या तळापर्यंत जाऊ द्या, दुसरी बरणीच्या बुचाखालीच संपू द्या. बरणीला दगड बांधून दोरीने दीड-दोन फूट खोल सोडा. पाणी पहिल्या नळीने बाटलीच्या तळाशी येतं, भरून बरणीत सांडतं आणि हवा दुसऱ्या नळीने बाहेर जाते. बरणी भरेपर्यंत बाटलीतलं हवा लागलेलं पाणी निदान दोन-तीनदा बदलून गेलेलं असतं. बुडबुडे यायचे थांबले की वर ओढा आणि बूच तिरकं सरकवत लावा. आत मुगाएवढा बुडबुडा दिसला तरी नमुना फेकून पुन्हा घ्या. कारंजं चालू असेल तिथून घेऊ नका. तिथे तुम्ही तलाव नाही, कारंजं मोजता.

पुढची पायरी, म्हणजे नमुन्यातला ऑक्सिजन रसायनांनी बांधून ठेवणं, काठावरच करायची, शाळेत पोहोचेपर्यंत थांबायचं नाही. पिपेटचं टोक पाण्याखाली बुडवून २ मिलि मँगनीज सल्फेट आणि मग २ मिलि अल्कली-आयोडाइड-अझाइड सोडा, बूच लावून बाटली उलटसुलट करा. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर पाण्यात जवळपास काहीच नाही, आणि ते कुठल्याही यंत्राशिवाय डोळ्यांना दिसतं. साका अर्ध्यावर बसला की २ मिलि तीव्र सल्फ्युरिक ॲसिड. अझाइड विषारी आणि ॲसिड भाजणारं, त्यामुळे हे शिक्षकांच्याच हाताने, हातमोजे आणि चष्म्यासह. साका विरघळून पाणी पिवळं होतं: जितका ऑक्सिजन होता, त्याच प्रमाणात आयोडीन सुटलेलं असतं. आता बाटली अंधारात ठेवून शाळेत न्या, लवकरात लवकर टायट्रेट करा. २०३ मिलि पाणी घ्या (२०० नाही, कारण रसायनांनी ४ मिलि पाणी बाहेर ढकललेलं असतं), ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेट थेंब थेंब सोडा. रंग फिकट गवती झाल्यावरच स्टार्च घाला. आधी घातलात तर आयोडीन त्यात अडकतं आणि शेवट लांबतो. निळा रंग गेला की थांबा. जितके मिलि थायो लागलं, लिटरमागे तितके मिलिग्रॅम ऑक्सिजन, गणित करायची गरजच नाही. पाच मिनिटांनी निळा परतला तर दुर्लक्ष करा.

सोबत सामू (pH) मोजा. मापक त्याच सकाळी ७ आणि ९.२ च्या बफरवर (सामू ठाऊक असलेल्या द्रावणांवर) जुळवून घ्या. शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, म्हणून दुपारी सामू ९ पर्यंत चढू शकतो. इथे खरी गंमत आहे. २५ अंशांवर सामू ७ असताना पाण्यातल्या अमोनियाचा शेकडा अर्ध्याच्या आसपासच भाग माशांना विषारी अशा मुक्त रूपात असतो. सामू ९ ला तो एक तृतीयांशाच्या वर जातो. अमोनिया तेवढाच, पण दुपारी तो विष होतो. त्यातून वाचलेला मासा पहाटे गुदमरतो. पावसाळ्यात दोन-तीन दिवस आभाळ गच्च भरून राहिलं, की दुपारची ऑक्सिजनची कमाईही बुडते, आणि मग उजाडताना मासे तोंडं वर काढून हवा ओढताना दिसतात.

पारदर्शकतेसाठी २० सेंटीमीटर व्यासाची तबकडी, आलटून पालटून काळी-पांढरी चार पावं, मधोमध दोरी आणि खाली वजन. सावलीच्या बाजूने सोडा, दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, यांची सरासरी घ्या. काठावर तळच दिसतो, म्हणून नौकाविहार चालतो तिथे नावेतून मोजा; लाइफ जॅकेट घालूनच.

गाळाकडे बहुतेक प्रकल्प बघतच नाहीत. बारीक जाळीच्या चाळणीत मूठभर गाळ धुवा. लालभडक, वळवळत्या अळ्या सापडल्या तर त्या कायरोनोमिड माश्यांच्या. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्यासारखाच, आणि म्हणूनच ऑक्सिजन नसल्यातच जमा असलेल्या चिखलात त्या टिकतात. डासांच्या अळ्यांवरून मात्र ऑक्सिजनबद्दल काही ठरवू नका, त्या नळीने वरची हवा घेतात. उपवन तलावाच्या डोंगराकडच्या काठाचा आणि रस्त्याकडच्या काठाचा गाळ शेजारी शेजारी ताटात ठेवून बघा. पावसाळ्यात मात्र लेप्टोस्पायरोसिस या संसर्गाच्या धोक्यामुळे उघड्या हातांनी गाळ चिवडू नका, आणि हाताला जखम असेल तर कधीच नाही.

आणि पाण्याचा रंग वाटाण्याच्या सुपासारखा असेल तर एक पारदर्शक बाटली भरून, न हलवता, रात्रभर खिडकीत ठेवा. सकाळी हिरवं तळाशी बसलं असेल तर साधं शेवाळ असण्याची शक्यता जास्त. सायीसारखं वर तरंगत असेल तर बहुधा सायनोबॅक्टेरिया, म्हणजे निळे-हिरवे जिवाणू. त्यांच्या पेशीत हवेच्या बारीक पोकळ्या असतात. त्यातल्या काही जातींचं विष यकृतावर जातं, म्हणून ती बाटली उघडून वास घेत बसू नका.