बहुचल कलन : खानदेशातील अध्ययन व संगणकीय चित्रण

दोन किंवा अधिक चलांवर अवलंबून असणाऱ्या फलनांची सीमा, सांतत्य, आंशिक अवकलन (इतर चले स्थिर धरून एका चलानुसार होणाऱ्या बदलाचा दर काढणे) व बहुसमाकलन (क्षेत्रावर वा घनावर समाकलन) यांचा अभ्यास करणारी गणितशाखा. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत ती साधारणतः विज्ञान पदवीच्या दुसऱ्या आणि अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी शिकवतात. येथील महाविद्यालये पूर्वी पुणे विद्यापीठाच्या कक्षेत होती. १९९० मध्ये जळगावला स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले व २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले.

खानदेश व कलन यांचा संबंध सांगताना गणिती व ज्योतिर्विद दुसरे भास्कराचार्य (जन्म १११४) यांचा उल्लेख येतो. चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखात (शके ११२८, इ. स. १२०६-०७ च्या सुमारास) त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख उजेडात आणला. भास्कराचार्यांनी आपले गाव म्हणून सांगितलेले विज्जडविड म्हणजे पाटणचाच परिसर, असे काही अभ्यासक मानतात. इतरांनी विजापूर व बीड सुचवले आहे. ‘सह्य पर्वताच्या आश्रयाचे नगर’ हे खुद्द ग्रंथकाराचे वर्णन पाहता विजापूरचा पक्ष दुबळा वाटतो. मात्र शिलालेखाने सिद्ध होते ती पाटणची विद्यापरंपरा, जन्मस्थान नव्हे.

भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणी या ग्रंथातील (११५०) तात्कालिक (त्या त्या क्षणाच्या) गतीच्या विवेचनात अवकलनाचे तत्त्व आहे, असे बापूदेव शास्त्री यांनी १८५८ मध्ये मांडले. इंग्रज गणिती स्पॉटिसवुड यांनी १८६० मध्ये साम्य मान्य केले, पण अतिसूक्ष्म अंतराची कल्पना तेथे स्पष्ट नाही असा आक्षेप घेतला. तो आजही विचारात घ्यावा लागतो. हा वाद एका चलापुरता आहे. प्रस्तुत विषयाला अधिक जवळचे आहे ते त्याच ग्रंथाच्या गोलाध्याय या भागातील गोलपृष्ठाचे विवेचन. पृष्ठाचे पट्टे पाडून त्यांची बेरीज केली आहे आणि पृष्ठफळ गोलाच्या मध्यातून जाणाऱ्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या चौपट ठरवले आहे. पृष्ठसमाकलनाच्या पहिल्या तासाला हे उदाहरण अवश्य घ्यावे.

वर्गातील शिक्षण फळा व वहीवर चालते. पुस्तक बहुधा इंग्रजी, समजावणे मराठीत : ‘य कॉन्स्टंट धरा, क्षचा पार्शल काढा.’ समघात फलनांविषयीचे ऑयलरचे प्रमेय, जेकोबियन (चले बदलताना लागणारा निश्चयक), लाग्रांजची गुणक पद्धती (अट पाळून महत्तम-लघुत्तम किंमती शोधण्याची रीत) हे नेहमीचे घटक. दुहेरी समाकलनात क्रम बदलताना समाकलनाच्या सीमा चुकतात, त्या बहुतेक वेळा क्षेत्राची आकृती न काढल्यामुळे.

समस्तर वक्र (ज्यांवर फलनाची किंमत सारखीच राहते) समजण्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे उत्तम होत. त्यांवर समोच्च रेषा सामान्यतः २० मी. अंतराने असतात, सर्वाधिक चढाची दिशा दाखवणारा प्रवणता सदिश त्यांना लंब असतो. खानदेशच्या फारुकी सुलतानांचा असीरगड सातपुड्यातील ज्या खिंडीवर नजर ठेवून होता, ती खोगीरबिंदूचे उदाहरण ठरते : नर्मदा-तापी वाटेवर ती सर्वांत उंच, डोंगरधारेवर सर्वांत सखल. अशा बिंदूंचा गणिती विचार आर्थर केली (१८५९) व जेम्स क्लार्क मॅक्सवेल (१८७०) या शास्त्रज्ञांनी केला.

संगणकीय चित्रणासाठी सायलॅब, मॅक्सिमा व जिओजेब्रा (त्रिमितीय दृश्य २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपासून) या संगणकप्रणाली विनामूल्य मिळतात. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठी पाठही आहेत. पृष्ठभाग फिरवून पाहता येणे हा मोठाच लाभ आहे. तथापि संगणक जाळीच्या ठरावीक बिंदूंवरच किंमती काढतो. क्ष²य ÷ (क्ष⁴ + य²) हे फलन घेतल्यास आरंभबिंदूकडे जाणाऱ्या प्रत्येक सरळ रेषेवर सीमा ० येते; य = मक्ष² (म स्थिर) या अन्वस्तावर मात्र ती म ÷ (१ + म²), म्हणजे म = १ असता ½. त्यामुळे सीमा अस्तित्वातच नाही. आरंभबिंदूजवळ या अन्वस्तालगतची पृष्ठभागाची धार जाळीच्या अंतराहून अरुंद होते व पडद्यावर तुटक दिसते किंवा नाहीशी होते. जाळी बारीक केल्याने दोष आरंभबिंदूच्या आणखी जवळ सरकतो. निर्णय वहीतील या दोन ओळींनीच होतो.