शेततळ्यातला साप ‘आपला’ नसतो

‘रान आपलं, तळं आपलं, मग त्यातला साप मारला तर कोण विचारतंय?’ जालन्याच्या मोसंबीपट्ट्यात हे हमखास ऐकू येतं. विचारतो, कायदा विचारतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ सातबारा बघत नाही. त्यातल्या ‘शिकारी’च्या व्याख्येत मारणं तर आहेच, पकडणं, विष घालणं आणि सापाची अंडी फोडणंही आहे. जीव वाचवताना नाइलाजाने मारावा लागला तर सूट मिळते. पण पाण्यात पोहणाऱ्या सापाला काठावरून दगड घालणं म्हणजे स्वसंरक्षण नव्हे.

आणि मरते कोण? बहुतेक वेळा दिवड, म्हणजे विरोळा. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, डोळ्याखाली दोन तिरप्या काळ्या रेघा. बिनविषारी, मासे-बेडकांवर जगणारी. डिवचली की मान चपटी करते, लगेच ओरड होते, ‘नाग! नाग!’ तापट आहे, चावते. म्हणून हात घालू नका.

प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्यात तिला बरेचदा बाहेरच पडता येत नाही, कागदावरून घसरते. काठावरून पाण्यापर्यंत जाड सुतळीची जाळी किंवा पोती बांधून सोडा, माणसं लांब करा. रात्रीतून निघून जाते. नाहीच गेली, किंवा ओळख पटत नसेल, तर वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर फोन करा. स्वतः बरणीत भरून दुसऱ्याच्या रानात सोडणं हेही ‘पकडणं’च. कुणाला चावलाच, तर साप शोधत बसू नका, थेट सरकारी दवाखाना गाठा.