सांडलेल्या शरीरद्रवांची सफाई

कामाच्या ठिकाणी रक्त, वांती, लघवी इत्यादी सांडल्यास ते टिपून घेऊन जागा निर्जंतुक करण्याची पद्धत. कोणाचेही रक्त संसर्गजन्य असू शकते असे गृहीत धरणे, हे तिचे मूळ सूत्र होय. ते सामान्यतः एड्सच्या साथीनंतरचे मानले जाते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांनी १९८७ मध्ये ते विस्ताराने मांडले. १९८८ च्या खुलाशानुसार लघवी, विष्ठा व वांती यांत रक्त दिसत असेल, तरच ते लागू होते. ही मर्यादा १९९६ मध्ये गेली. निर्जंतुकीकरणासाठी वापरली जाणारी क्लोरीनयुक्त द्रावणे मात्र याहून बरीच जुनी असून, लाबाराक या फ्रेंच औषधनिर्मात्याने ती १८२० च्या सुमारास प्रचारात आणली.

जंतुनाशक आधी ओतावे की द्रव आधी टिपावा, याविषयी मतभेद आहेत. आधी ओतल्यास सफाई करणाऱ्याचा धोका कमी होतो, असा एक पक्ष आहे. परंतु रक्तातील प्रथिने क्लोरीन निष्क्रिय करीत असल्याने साचलेल्या रक्तावर सौम्य द्रावण फारसे उपयोगी पडत नाही. अमेरिकी मार्गदर्शनात १० मिलि. पर्यंतच्या सांडणीसाठी घरगुती ब्लीचचे (क्लोरीनयुक्त विरंजकाचे) १:१०० द्रावण पुरेसे मानले असून, त्याहून मोठ्या सांडणीवर १:१० द्रावण (५.२५% ब्लीचपासून केल्यास क्लोरीन दशलक्ष भागांत सुमारे ५,०००) आधी ओतून, टिपल्यानंतर पुन्हा निर्जंतुकीकरण करण्यास सांगितले आहे. ब्रिटिश प्रघातात रक्तासाठी दशलक्ष भागांत १०,००० भाग क्लोरीन हे प्रमाण रूढ आहे. कार्यालयातील लहानसहान सांडणीत आधी शोषक कागदाने टिपणे व मग निर्जंतुक करणे अधिक सयुक्तिक दिसते. पातळ केलेले द्रावण लवकर निष्प्रभ होत असल्याने ते रोज ताजे करतात व पृष्ठभाग सुमारे दहा मिनिटे ओला ठेवतात.

लघवीवर क्लोरीन थेट टाकू नये, कारण त्यातून घातक वायू निघतो. ती आधी टिपून जागा धुवावी लागते. वांतीचे तुषार दूरवर उडतात व त्यांतून नोरोविषाणू (उलट्या-जुलाब घडविणारा विषाणू) पसरू शकतो, म्हणून दिसणाऱ्या डागाच्या बऱ्याच पलीकडपर्यंत पुसणे आवश्यक ठरते. वाळलेला डागही निरुपद्रवी समजू नये. यकृतशोथ-ब (हिपॅटायटिस-बी) विषाणू कोरड्या पृष्ठभागावर निदान सात दिवस टिकतो.

हातमोजे घातलेले असले तरी फुटकी काच वा सुई हाताने न उचलता चिमट्याने उचलतात. मोजे काढल्यावर हात साबणाने धुतात. गालिचा व कापडी आसने यांवर क्लोरीनने रंग उडतो, त्यामुळे तेथे टिपणे व वाफेने स्वच्छ करणे एवढाच पर्याय बहुधा उरतो.