शंभरपर्यंत अंक येतात म्हणजे मोजता येतं?

पुण्यात पहिलीच्या पालकसभेत हमखास ऐकू येतं: ‘आमच्या बाळाला शंभरपर्यंत अंक घडाघडा येतात, मग वर्गात मणी-काड्या कशाला?’ अंक म्हणणं हे पाठांतर, मोजणं वेगळं. घरी 12 चमचे पसरून मोजायला सांगा. एखादं मूल एकच चमचा दोनदा मोजतं, कुणाचं तोंड बोटाच्या पुढे धावतं. ‘किती झाले?’ विचारलं, की पुन्हा एकपासून सुरुवात; म्हणजे शेवटचा अंक हीच एकूण संख्या, हे अजून उमगलेलं नाही. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे पुढच्या पायरीसाठी, म्हणजे दोन अंकी संख्या लिहिण्यासाठी. सत्तावीसमध्ये सात आधी ऐकू येतो, म्हणून बरीच मुलं 72 लिहितात. पानभर गिरवून घेण्यापेक्षा 2 गठ्ठे मुलाच्या डावीकडे आणि 7 सुट्या काड्या उजवीकडे ठेवा, मगच लिहू द्या.