धमनीचं हाड होतं तेव्हा

किडनीचा जुना आजार असलेल्या माणसाच्या हाताचा एक्स-रे काढला, की कधी कधी मनगटाजवळ दोन समांतर पांढऱ्या रेघा दिसतात, रेल्वेच्या रुळांसारख्या. त्या धमनीच्या भिंती. खरं तर साध्या एक्स-रेत धमनी दिसायलाच नको. ती दिसते, कारण तिच्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट भरलेलं असतं.

गिझरमध्ये क्षार धरतात तसंच हे, असं बरेच जण सांगतात. मग 'क्षार विरघळवणारे' काढे विकणाऱ्यांचं फावतं. पण हा साका नव्हेच. धमनीच्या मधल्या थरात अनैच्छिक स्नायूंच्या पेशी असतात. फॉस्फेट वाढलं की ते 'पिट-१' या वाहक प्रथिनातून त्यांच्यात शिरतं आणि 'रनएक्स२' हे जनुक जागं होतं. हाडाच्या पेशी घडवणारं जनुक तेच! स्नायूपेशी आकुंचन पावायचं विसरते आणि भोवती हाडासारखा सांगाडा विणू लागते. जिवंत पेशीनं बांधलेली ही भिंत कुठल्याही काढ्यानं विरघळत नाही. उलट काही भस्मांतल्या शिसं-पाऱ्यानं उरलीसुरली किडनी जाते.

बरं, रिपोर्टमध्ये फॉस्फेट बरीच वर्षं नॉर्मलच दिसतं, म्हणजे २.५ ते ४.५ मिलिग्रॅमच्या आत. कारण हाडं 'एफजीएफ-२३' हे संप्रेरक सोडून किडनीला फॉस्फेट बाहेर टाकायला लावतात. हा निरोप किडनीला कळायला 'क्लोथो' हे प्रथिन लागतं, आणि ते मुख्यतः किडनीतच बनतं. किडनी झिजली की क्लोथो घटतं, निरोप पोचेनासा होतो, म्हणून हाडं आणखी एफजीएफ-२३ सोडतात. हृदयाच्या पेशींना मात्र ते क्लोथोविनाच भिडतं. त्यानं हृदयाचा स्नायू जाड होतो, हे २०११ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं.

आता ताठर महाधमनीचं काय होतं ते पाहा. हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त फेकतं. लवचिक महाधमनी फुगून त्यातलं काही धरून ठेवते आणि दोन ठोक्यांच्या मधे पुढे ढकलते. हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः याच मधल्या वेळात. भिंत ताठर झाली की वरचं बीपी चढतं, खालचं उतरतं: १७०/६५. जाड झालेल्या स्नायूला रक्त जास्त लागतं आणि मिळतं कमी. अँजिओग्राफीत मोठा ब्लॉक नसतानाही हृदय थकतं ते असं. म्हणूनच डायलिसिस सुरू झाल्यावर नव्यानं दिलेल्या कोलेस्टेरॉलच्या गोळीचा मोठ्या चाचण्यांत फारसा उपयोग दिसला नाही.

रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) १.४ आलं की 'थोडंसंच वाढलंय' म्हणून कागद बाजूला ठेवू नका. पंचविशीतल्या पुरुषात १.४ म्हणजे ईजीएफआर (किडनी मिनिटाला किती रक्त गाळते त्याचा अंदाज) ७० च्या आसपास. साठीच्या बाईत तोच आकडा म्हणजे फक्त ४३. ईजीएफआर ६० च्या खाली तीन महिने राहिला तर तो किडनीचा जुना आजार. सोबत लघवीची अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो चाचणी करा; लघवीतून किती प्रथिन गळतंय ते ती सांगते. ती ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर सतत राहिली, तर ईजीएफआर चांगला असूनही हृदयाचा धोका वाढलेला असतो.

खाण्यात डाळीला उगाच घाबरू नका. तिच्यातलं बरंचसं फॉस्फेट फायटेट या वनस्पतींतल्या संयुगात अडकलेलं असतं, ते निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी शोषलं जातं. काळे कोला आणि प्रोसेस्ड चीज यांत मिसळलेलं फॉस्फेट मात्र जवळपास सगळं अंगात जातं. पाकिटावर आयएनएस (मिसळलेल्या पदार्थांचे सांकेतिक क्रमांक) ३३८ ते ३४१, किंवा ४५० ते ४५२ दिसलं, तर ते तेच. फॉस्फेट बांधून ठेवणारी गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर जेवतानाच घ्या. तिला घासातलं फॉस्फेट आतड्यातच पकडायचं असतं. जेवणानंतर दोन तासांनी घेतली, तर पकडायला फारसं काही उरलेलंच नसतं.